कोठ्यापर्यंत वायफाय: एक महागडा राऊटर की दोन साधे?

ओसरीवर दांड्या फुल, मागच्या खोलीत एक, कोठ्याजवळ शून्य. मग सहा अँटेनांचा राऊटर येतो, आणि रेंज वाढते जेमतेम. राऊटर कितीही जोरात बोलला तरी फोनचं उत्तर त्याच्यापर्यंत परत पोचावं लागतं, आणि फोनचा ट्रान्समीटर तेवढाच कमजोर राहतो.

खरेदीआधी फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून घरभर फिरा. सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -६७ डीबीएमपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो; -८० ला दांडी दिसते, काम होत नाही. दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंतीत वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड लवकर मरतो, २.४ चा थोडा तग धरतो. कवेलूचा फारसा त्रास नाही. टिन मात्र दोन्ही परतवून लावतं. कूलरचाही विचार करा: पत्र्याची बॉडी, आत पाण्याची टाकी आणि ओल्या ताट्या. त्याच्यामागे राऊटर ठेवणं म्हणजे तो पेटीत कोंडणंच. टिनाखालीही नको, बहुतेक घरगुती राऊटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनलेले असतात आणि आपला मे महिना ४५ ला टेकतो. दुपारी हँग, रात्री ठीक, असं असेल तर आधी जागा बदला.

डब्यावरच्या आकड्याला भुलू नका. एसी१२०० म्हणजे ३०० अधिक ८६७ एमबीपीएस, दोन बँडच्या वेगाची बेरीज. एएक्स१५०० मध्ये २.४ चा बँड सहसा जुन्याच पद्धतीचा असतो. जाड भिंतींच्या घरात कामाला येतो तो हाच, म्हणून थोडे जास्त देऊन एएक्स१८०० बघा. प्लॅन १०० एमबीपीएसच्या वर असेल तर पोर्ट गिगाबिटच (१००० एमबीपीएसचे) हवेत.

स्वस्त रिपीटर टाळलेलाच बरा. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि पुढे सांगायचं, त्यात वेग साधारण अर्धा होतो. त्यापेक्षा कॅट६ वायर टाकून मागच्या खोलीत दुसरा साधा राऊटर लावा. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तार खरवडल्यावर आत चांदीसारखी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम. मर्यादा १०० मीटर.

दुसरा राऊटर जोडण्याआधी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (पहिला १९२.१६८.१.१ वर असेल तर), नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, मगच एकाच्या लॅन पोर्टातून दुसऱ्याच्या लॅन पोर्टात वायर लावा. दुसऱ्याचा वॅन पोर्ट (बाहेरचं नेट घेणारा) रिकामा. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन्ही राऊटर पत्ते वाटत बसतात आणि नेट येतं-जातं; लोक उगाच कंपनीला शिव्या घालतात. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच, २.४ चे चॅनल वेगळे: एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. गिगाबिट पोर्ट असूनही वेग ९०-९५ एमबीपीएसवर अडकला तर बहुधा वायरीतल्या आठपैकी एखादी तार क्रिम्पिंगमध्ये (टोकाला पिन दाबून बसवताना) सुटली आहे.

लाइट गेल्यावर नेट हवं तर मिनी यूपीएस लावा, पण फायबरच्या डब्याला आणि राऊटरलाही. दोघांच्या अडॅप्टरवरचे अँपिअर जोडून ते यूपीएसला पेलतात का बघा. व्होल्ट सारखेच हवेत; ९ व्होल्टच्या राऊटरला १२ ची पिन लावली तर तो जळू शकतो.

कोठा घरापासून वेगळा असेल तर उघड्यावरून तांब्याची वायर नेऊ नका. जवळ वीज पडली की तिच्यातला झटका दोन्हीकडचे पोर्ट उडवतो. तिथे फायबर आणि मीडिया कन्व्हर्टरची (फायबरला साध्या नेटवायरीशी जोडणारे डबे) जोडी लावा. काचेच्या तारेतून तो झटका जात नाही. फक्त फायबरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती घरात शिरण्याआधीच कापा.