मुकटी आली की झळ

मे महिन्यात धुळ्यातल्या एसी मेकॅनिकला चारच्या आत डबा उघडायला मिळत नाही. त्या दिवशी अकरा वाजताच बाहेर 42 अंश होते, आणि दारात तीन गाड्या आधीच उभ्या होत्या. चौथी आली ती पिकअप, पारोळ्याकडची. चालवणारा मालक स्वतःच, शेजारी त्याची म्हातारी आई. डोक्यावर ओला टॉवेल, आणि डाव्या हाताला मनगटाच्या वर फुगलेली शीर. तो हात पाहिला आणि समजलो, डायलिसिसची पेशंट आहे. आठवड्यातून दोनदा ती याच गाडीतून धुळ्याला यायची.

पोरगा रडकुंडीला आलेला. "भाऊ, आखाजीपासून तीनदा गॅस भरला. एक दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. कंप्रेसर गेला म्हणतात. खरं काय ते तुम्हीच सांगा."

आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, तीन आठवड्यांत तीनदा गॅस, आणि गळती कुणी शोधली नाही. अशी गाडी आली की मला मनापासून राग येतो. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळत नसेल तर भरायचा कशाला?

गेज लावले. कमी दाबाची बाजू 55 पीएसआय, जास्त दाबाची 340 च्या पुढे. गॅस कमी नव्हताच, जास्त झाला होता. मशीनने काढून वजन केलं, तर बॉनेटखालच्या स्टिकरवर 500 ग्रॅम लिहिलेलं आणि निघाला 690. जास्त गॅस भरला की कंडेन्सरमध्ये द्रव तुंबतो, गॅसला थंड व्हायला जागा उरत नाही, दाब चढतो आणि थंडावा उलट कमी होतो. कंडेन्सरच्या पंखांत कापसाची तूस नमद्यासारखी बसलेली. हिवाळाभर या गाडीने कापूस वाहिला होता. हलक्या पाण्याने ते धुतलं, अर्धा तास व्हॅक्यूम धरून गळती पाहिली, काटा हलला नाही. मग मोजून 500 ग्रॅम भरला.

गेज आता बरोबर बोलत होते. कूलिंग कॉइलकडून परत येणारी जाड नळी हाताला बर्फासारखी लागत होती, तिच्यावरून पाणी ओघळत होतं. आणि जाळीत खुपसलेला थर्मामीटर? डावीकडे 17, मधल्या जाळीत 23. मधून वाराही मंद. ब्लोअर चारवर, आवाज घोंघावणारा, पण हवा येते ती कुणी फुंकर घातल्यासारखी.

थंडावा तयार होत होता, माणसापर्यंत पोचत नव्हता. इथेच मी थांबायला हवं होतं. पण मागच्या दोन गाड्यांचे मालक घाई करत होते, आणि मी कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारा एक्स्पान्शन वॉल्व बदलून पाहू असं सांगणारच होतो. तेवढ्यात स्टुलावर बसलेली म्हातारी बोलली. तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"गाडी सुरू व्हयनी का पहिले गार लागस रे भाऊ. मुकटी उनी का झय लागस."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. "दरवेळी, माय? मुकटीलाच?"

"दरखेप."

पारोळ्याहून निघाल्यावर वाटेतलं मुकटी गाव येईपर्यंत इंजिन पुरतं तापलेलं असतं. इंजिन गार तोवर हवा गार, इंजिन तापलं की झळ. गॅसचा दोष असता तर तो इंजिनच्या पाण्याची वाट पाहत बसला नसता. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइलच्या पुढे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. या गाडीत त्याला वेगळी तोटी नाही, 90 अंशांच्या आसपासचं पाणी त्यातून बारा महिने फिरतं. हवा त्यावरून जाऊ द्यायची की बाजूने काढायची, हे फक्त एक फ्लॅप ठरवतो. तो अर्धवट उघडा राहिला, की आधी गार झालेली हवा लगेच पुन्हा शेकली जाते.

खात्री करायला फार काही लागत नाही. हीटरला जाणारे दोन्ही होज फडक्यात गुंडाळून चपट्या क्लॅम्पने दाबले. नुसत्या पकडीने दाबू नये, जुनं रबर चिरतं आणि उकळतं पाणी अंगावर येतं. पाच मिनिटांत मधल्या जाळीतला आकडा 23 वरून 14 वर आला.

पोराचे डोळे चमकले. "मग हीटर काढूनच टाका ना! दोन्ही पाइप जोडून द्या. आपल्याकडे हीटर लागतो कधी?"

खानदेशात हे सर्रास करतात, दहा मिनिटांचं काम आहे. मला ते पटत नाही. याच धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. पहाटे लळिंग घाटात काचेवर आतून वाफ धरली की ती पुसायला एक हात स्टीअरिंगवरून सुटतो. गरम हवेने ती काच साफ होते. मी नाही म्हणालो. तो थोडा नाराज होऊन आईला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेला. चार तास माझ्या हातात होते.

खालचं पॅनल काढलं आणि टॉर्च मारला. थंड-गरमचा नॉब फिरवला तर तार हलत होती, पण तारेचं बाहेरचं आवरण क्लिपमधून निसटून तिच्याबरोबरच सरकत होतं, त्यामुळे फ्लॅप जागचा हलत नव्हता. क्लिपचा एक दात तुटलेला. मधल्या जाळीकडे जाणारी प्लास्टिकची नळीही तिरकी होऊन सांध्यातून सुटलेली, म्हणजे निम्मी हवा डॅशबोर्डच्या पोटातच जात होती. वर पाहिलं तर नवाकोरा म्युझिक सिस्टिम, मागे वायरींचा गुंता. पोराला फोन केला. तो म्हणाला, आखाजीला बहीण माहेरी येणार म्हणून आदल्या दिवशीच बसवून घेतला होता.

टेप बसवणाऱ्याचा हात त्या अरुंद जागेत अडला असेल, त्याने नळी बाजूला रेटली असेल. त्यानंतर सगळे गॅसच भरत राहिले.

तारेला नवी क्लिप लावली, फ्लॅप दोन्ही टोकांना नीट टेकतो का ते पाहिलं, नळी सांध्यात बसवून वायरी बांधल्या. होजवरचे क्लॅम्प काढले, इंजिन पुरतं तापू दिलं. नॉब थंडवर: 13. कंप्रेसर जुनाच.

साडेपाचला दोघं परत आली. बाहेर अजून भट्टी होती आणि म्हातारी लुगड्याचा पदर घट्ट लपेटून आली होती. डायलिसिसनंतर अनेकांना हुडहुडी भरते, तिलाही भरली होती. पोराने गाडी सुरू करून गार हवा दाखवायला तिचा हात जाळीपुढे धरला. तिने तो झटकन मागे घेतला.

"माले थंडी वाजस रे."

मी खिडकीतून हात घालून नॉब अर्ध्यावर आणला. क्षणभराने जाळीतून कोमट हवा आली. म्हातारीने पदर सैल केला आणि तळहात पुन्हा जाळीपुढे धरला.