हार्डनॉट घाट आणि एमएक्स-५ चा हँडब्रेक
गेल्या मे महिन्यात बर्मिंगहॅमहून इंग्लंडच्या वायव्येकडील डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टला गेलो, तेव्हा आमची १९९६ ची माझदा एमएक्स-५ रायनोझ घाटमाथ्यावरील थ्री शायर स्टोनजवळ उभी करताना हँडब्रेक नऊ खटके वर ओढूनही मागे सरकू लागली. मी पायाने ब्रेक दाबून धरला, पत्नीने उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकूनच मी ब्रेकवरचा पाय काढला. पुढचा हार्डनॉट घाट सुमारे ३३ टक्के चढाचा असल्याने तो बेत दुसऱ्या दिवसावर ढकलून आम्ही अँबलसाइडला मुक्कामी परतलो.

गाडी दोनच महिन्यांपूर्वी एमओटी, म्हणजे ब्रिटनमधील गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत उत्तीर्ण झाली होती. मात्र या तपासणीत अशा गाडीच्या हँडब्रेकला किमान १६ टक्के रोधक्षमता (गाडीच्या वजनाच्या तुलनेत ब्रेकचा जोर) पुरते, आणि तेवढ्याच क्षमतेचा ब्रेक साधारण १६ टक्के उतारापर्यंतच गाडी धरतो. त्यामुळे प्रमाणपत्रावर विसंबून या घाटांत येऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरमालकांकडून जॅकस्टँड (उचललेली गाडी तोलून धरणारे आधार) मिळाले. त्यांच्या सपाट अंगणात पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक पूर्ण खाली केला आणि मागची चाके काढली. खरा दोष तिथे दिसला. या गाडीत हँडब्रेकची केबल मागच्या कॅलिपरवरची (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावरची) लहान दांडी ओढते आणि ती फिरून पिस्टन पुढे ढकलते. पण आधीच्या गॅरेजने कॅलिपरला हात न लावता लिव्हरच्या बुंध्याशी केबलच आवळून ठेवली होती, त्यामुळे दोन्ही दांड्या मूळ जागी परतत नव्हत्या आणि ओढायला जागाच उरली नव्हती. शिवाय हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे डावी दांडी गंजून जड झाली होती. तारेच्या ब्रशने घासून, गंज सोडवणारे तेल मारून ती मी हाताने चाळीसएक वेळा पुढेमागे केली, तेव्हा कुठे ती स्प्रिंगच्या जोराने परत येऊ लागली.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी केबल सैल करावी. मग कॅलिपरच्या मागचा १४ मिलिमीटरचा बोल्ट काढून आतला स्क्रू ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने, डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत, घड्याळाच्या दिशेने आवळावा आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्यावा. आमच्या उजव्या बाजूला तो आवळायला जवळजवळ दोन फेरे लागले. बोल्ट परत बसवून पायाचा ब्रेक काही वेळा दाबावा आणि त्यानंतरच लिव्हर पाच ते सात खटक्यांत घट्ट होईल इतकी केबल आवळावी. पॅड बदलताना पिस्टन मागे घ्यायलाही हाच स्क्रू उलटा फिरवायचा असतो. क्लॅम्पने दाबून पिस्टन मागे रेटू नये.

दुसऱ्या दिवशी हार्डनॉटच्या चढावर, मागे कोणी नाही हे पाहून, गाडी सहाव्या खटक्यावर उभी केली आणि पाय काढला. ती तसूभरही हलली नाही. घाट उतरताना वाटेत लागणाऱ्या रोमन किल्ल्यावर दुसऱ्या शतकातील तटबंदीपाशी आम्ही तासभर निवांत थांबलो. पुढे एस्कडेलमध्ये सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर गेल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, तर डावे चाक किंचित अधिक गरम लागले, म्हणजे ती दांडी अजून पूर्ण सुटलेली नव्हती. त्या बाजूसाठी दुरुस्त केलेला कॅलिपर मी घरी पोहोचताच मागवला.