आठवं वचन आणि नववं वचन

रविवार, रात्री

आज उपासनेत बायबलच्या नव्या करारातल्या, पौलानं तीताला लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचला. त्यातलं नववं वचन आमच्याकडे पुष्कळांना तोंडपाठ आहे: मूर्खपणाचे वाद, वंशावळ्या, भांडणं टाळ, त्यातून काही निष्पन्न होत नाही. गंमत अशी की हे वचन बहुधा वादातच बाहेर निघतं, समोरच्याला गप्प करायला. पाळकसाहेबांनी आज त्याच्या आधीच्या, आठव्या वचनावर बोट ठेवलं. विश्वास ठेवणाऱ्यांनी सत्कृत्यं करण्याकडे लक्ष द्यावं, ते माणसांच्या हिताचं आहे. पौल दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. म्हणजे ‘मी बाई वादात पडत नाही’ म्हणून हात झटकून बसायची सोय नाही. वाद सोडून जो वेळ वाचला, तो कुठे घातला, हेही विचारलं जाणार.

हे सगळं गुरुवारवरून डोक्यात घोळतंय. गृहप्रार्थना आमच्याकडे होती. ठेवली होती मागच्या गल्लीतल्या मावशींसाठी, त्यांच्या सुनेचं ऑपरेशन ठरलं होतं. पहिलं गीत संपलं आणि धाकट्या भाऊजींनी बाप्तिस्म्याचा विषय काढला. ते लग्नानंतर बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीत जातात. “वहिनी, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं, त्याला बाप्तिस्मा म्हणायचं? बाळानं विश्वास कधी ठेवला?” यावर आमच्या ह्यांनी बायबलमधल्या फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं, एकदम बाप्तिस्मा झालेलं अख्खं घराणं पुढे केलं. भाऊजी येशूच्या बाप्तिस्म्याच्या यार्देन नदीत उतरले. कुणीतरी तान्ह्या मुलांच्या सुंतेवर गेलं. पानं फडाफडा उलटत होती आणि मावशी भिंतीला टेकून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्यांच्या सुनेसाठी प्रार्थना झाली ती शेवटी, सगळे उठायच्या बेतात असताना, दोन वाक्यांत. तिचं नावही चुकीचं घेतलं गेलं.

बाप्तिस्म्याचा प्रश्न फालतू आहे असं मी म्हणणार नाही. त्यावरून मंडळ्या फुटल्यात, लोकांनी जीव दिलेत. आणि प्रश्न विचारणंच वाईट म्हणावं, तर पंडिता रमाबाईंचं काय करायचं? 1883 मध्ये इंग्लंडात वॉन्टेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) काय, चर्चचा अधिकार काय, कशाकशावर वाद घातले. क्रुसावर लॅटिन शब्द नकोत, संस्कृत हवेत, इथपर्यंत. पटल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही हा त्यांचा बाणा. तो मला फार आवडतो. मठातल्या लोकांना किती जड गेला असेल तेही कळतं.

पण सगळ्या शंका फिटल्या की मग कामाला लागू, असं त्यांनी कधी केलं नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. 1896 च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतः तिकडे गेल्या, उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि केडगावात मुक्ती सदन उभं राहिलं. त्यांचे आईवडील दुष्काळातच उपासमारीनं गेले होते. समोर हाडं निघालेली पोर बसलेली असताना तिला आधी काय द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आणि तरी शब्दांचा ध्यास सुटला नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल उतरवलं. 1922 मध्ये जाईपर्यंत तेच चाललं होतं. छापखानाही मुक्तीतल्या बायकाच चालवायच्या.

त्यामुळे माझ्यापुरती कसोटी अशी ठरवली आहे: या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर उद्या सकाळी मी काही वेगळं करणार आहे का? रमाबाईंना करायचं होतं. गुरुवारी आमच्या बैठकीत सगळे बाप्तिस्मा झालेलेच बसले होते, कुणी शिंपडलेले, कुणी बुडवलेले. कुणाचंही काही बदलणार नव्हतं. उलट वादात एक छुपी सोय असते. वचनावर इतकं बोलणं होतं की आपण ते पाळलं असंच वाटायला लागतं.

1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात वाद झडायचे. मिशनऱ्यांपैकी जॉर्ज बोवेन त्यात होते. लोक गर्दी करायचे, दोन्ही बाजूंनी पुस्तकंही निघाली. त्यातला एखादा मुद्दा आज कुणाला सांगता येईल? मला नाही येणार. बोवेन मिशनचा पगार सोडून गरिबांच्या वस्तीत राहायचे, हे मात्र लगेच आठवतं. (बुवाही तसे निरिच्छच. त्या बाबतीत दोघांचं जमलं असतं.)

तर, वाद घालणारा माणूस आज्ञा पाळत नसतो, असं लिहून मी आज मोकळी होणार होते. भाऊजींनी तो बेत बिघडवला. शुक्रवारी ऑपरेशनच्या वेळी रक्त लागणार असं कळलं, तर हे महाशय कुणाला न सांगता दुकान बंद करून तिथे हजर. रक्त दिलं, फॉर्म भरला, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर केलं आणि रात्रभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सोडत नाहीत, म्हणून आत मावशी आणि बाहेर हे. सुनेचं नाव आता त्यांना वडिलांच्या नावासकट पाठ आहे.

काल सकाळी मी डबा घेऊन गेले. भाऊजींचे डोळे लाल, दाढी वाढलेली. भाकरीचा पहिला तुकडा पिठल्यात बुडवत म्हणाले, “वहिनी, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय नीट वाचलात का कधी? त्यात बाप्तिस्म्यानं ‘पुरले गेलो’ असं स्पष्ट...”

“भाऊजी,” म्हटलं, “आधी जेवून घ्या. मावशींना अंघोळीला घरी सोडायचंय, रिक्षा खाली थांबवून आले आहे.”