लढाईत माझं काम चिंध्या खरवडायचं

मी गेटिसबर्गच्या रीइनॅक्टमेंटला, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातली ती लढाई पुन्हा उभी करून दाखवायच्या कार्यक्रमाला, जाते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे तू बंदूक चालवतेस?" नाही, मी सिव्हिलियन. गावातली बाई. उत्तरेचे निळे आणि दक्षिणेचे राखाडी गणवेशवाले एकमेकांवर धूर सोडत असतात तेव्हा मी दोन शेतं पलीकडे, कापडी छताखाली बसून जुन्या लिननच्या चिंध्या सुरीनं खरवडत असते.

बंदूक हवी असती तर तीही मिळाली असती. १९८९ साली त्याच युद्धातल्या अँटिटमच्या रणभूमीवर लॉरेन कुक बर्जेस ही रीइनॅक्टर सैनिकाच्या वेषात उतरली होती. बायकांच्या स्वच्छतागृहात गेली म्हणून ती ओळखू आली आणि पार्कवाल्यांनी तिला बाहेर काढलं. ती कोर्टात गेली आणि १९९३ मध्ये जिंकली. पुरुषांचा वेष करून खऱ्या युद्धात लढलेल्या बायका शेकड्यांनी होत्या, त्यामुळे तिची बाजू भक्कम होती. तेव्हापासून ते दार उघडंच आहे. मला मात्र तिकडे जावंसं वाटत नाही, आणि त्याचं कारण एक साधा हिशेब आहे.

१८६३ साली गेटिसबर्गची लोकसंख्या होती सुमारे २,४००. जुलैच्या १, २ आणि ३ तारखेला लढाई झाली. मग दोन्ही सैन्यं दक्षिणेकडे निघून गेली आणि मागे राहिले साधारण २१,००० जखमी. शिवाय हजारो प्रेतं आणि हजारो मेलेले घोडे, ऐन जुलैच्या उकाड्यात. चर्च, शाळा, गोठे, लोकांच्या बैठकीच्या खोल्या, सगळीकडे माणसं आडवी पडलेली. दुर्गंधी सहन होईना म्हणून गावकरी पुदिन्याच्या जातीच्या तेलाची बाटली नाकाशी धरून हिंडायचे. सैनिकांची लढाई तीन दिवसांत आटोपली. गावाची त्यानंतर कित्येक महिने चालू होती. प्रेक्षकांना तीन दिवस तोंडपाठ असतात. नंतरचे महिने दाखवायला आम्ही बसतो.

तर चिंध्या. जुनं, धुवून धुवून मऊ झालेलं लिननचं कापड फळीवर ताणून धरायचं आणि बोथट सुरीनं एकाच दिशेनं खरवडत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग धागे सुटू लागतात आणि सुरीच्या पात्यावर भुरकट पांढरा पिंजलेला पुंजका जमतो. हे लिंट. जखमेत भरायला, रक्त टिपायला. उत्तरेकडच्या घराघरांतून बायकामुलांनी हे पेट्या भरभरून केलं आणि सॅनिटरी कमिशनसारख्या, सैनिकांना मदत करणाऱ्या संस्थांनी ते इस्पितळांपर्यंत पोचवलं. तासभर खरवडलं तर माझी मूठही नीट भरत नाही. ओंजळभर करायला मनगट कामातून जातं.

मुलांना हे काम फार आवडतं. सुरी मागतात, दोन मिनिटं जिवाच्या आकांतानं खरवडतात आणि मग हमखास विचारतात, की यानं जखम बरी व्हायची का. तेव्हा सांगावं लागतं, की बऱ्याचदा उलटच व्हायचं. कुणाच्या हातानं, कुठल्या टेबलावर खरवडलं याची कुणाला फिकीर नव्हती, कारण जंतूंची कल्पनाच नव्हती. ब्रिटिश सर्जन लिस्टरचं जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचं लेखन छापून आलं १८६७ मध्ये, युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी. हे ऐकून एकदा एक मुलगी माझ्या पुंजक्याकडे अशी बघायला लागली की मी तो पुंजका पदराआड, म्हणजे एप्रनआड केला.

मोठ्या माणसांचा आवडता समज वेगळाच: भूल न देता, बंदुकीची गोळी दातांत धरायला देऊन पाय कापायचे. तसं नव्हतं. भूल द्यायला क्लोरोफॉर्म आणि ईथर होतं आणि बहुतेक शस्त्रक्रियांत ते वापरलंही गेलं. मुळात त्या युद्धातले जवळजवळ दोन-तृतीयांश मृत्यू गोळीनं झालेच नाहीत, ते झाले जुलाब, टायफॉइड असल्या रोगांनी. त्यामुळे शेजारच्या टेबलावर आमची जी मैत्रीण चादरी उकळत असते, तिचं काम माझ्यापेक्षाही महत्त्वाचं. पण उकळत्या चादरीला गर्दी होत नाही.

गटात नवी होते तेव्हा एका निवृत्त नर्सबाईंनी मला एवढंच सांगितलं होतं: "हात रिकामे ठेवू नकोस." त्याचा अर्थ हळूहळू कळला. छान कपडे घालून नुसतं उभं राहिलं की लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. हातात काम असलं की थांबतात, विचारतात. "ही आग खरी आहे का?" हेही विचारतात. रीइनॅक्टर मंडळींत यावर इतके विनोद झालेत की आता त्याचं कुणाला हसूही येत नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात, कारण यावर बोलायला लागलं की रात्र पुरत नाही. आत सुती शेमीज, त्यावर कॉर्सेट, पेटीकोट, मग ड्रेस, एप्रन, डोक्यावर सनबॉनेट, पायात लोकरी मोजे. कॉर्सेटचा उगाच बाऊ केला जातो; मापाचा असेल तर पेटीकोटांचं ओझं कमरेला काचत नाही आणि दिवसभर वाकून काम करणाऱ्या पाठीला आधार मिळतो. माझा राग आहे तो सटलरच्या, म्हणजे रीइनॅक्टरांना माल विकणाऱ्यांच्या, दुकानांत टांगलेल्या सॅटिनच्या घोळदार बॉलगाऊनवर. हूप (घागऱ्याचा घेर फुगवणारा सांगाडा) घातलेली बाई चुलीपाशी आली की माझा जीव टांगणीला लागतो. त्या काळात असले घेर, म्हणजे क्रिनोलिन, पेटून बायका मेल्यात. आणि सिंथेटिक कापडावर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. सुती किंवा लोकरीचं घाला, रंग कसाही असो. शिलाई हाताची की मशीनची हा वाद घालायला 'फार्ब, फार्ब' (म्हणजे नकली, त्या काळाचं नसलेलं) करत फिरणारी स्वतंत्र जमात आहे. माणसाच्या बटणाला किती भोकं आहेत हे ते वीस फुटांवरून मोजतात.

आता, तुमच्या मनात आलेला प्रश्न. गेटिसबर्गमध्ये, १८६३ साली, मी कोण?

आमच्यातले काहीजण फर्स्ट पर्सन करतात. ते १८६३ मध्येच राहतात. त्यांना विमानाबद्दल विचारलं तर 'हे काय असतं' म्हणून बघत राहतात. मी थर्ड पर्सन करते: कपडे तेव्हाचे, जीभ आजची. माझ्या चेहऱ्याची बाई तेव्हाच्या ॲडम्स काउंटीत, म्हणजे गेटिसबर्गच्या परिसरात, बसवायची तर ओढूनताणून गोष्ट रचावी लागेल, आणि रचलेली गोष्ट इतिहास म्हणून खपवणं मला जमत नाही. एका संयोजकांनी 'तू कुणा मिशनऱ्यानं आणलेली मुलगी का नाही होत' असं सुचवलं होतं. हेतू चांगला असेल. मी मान हलवली आणि विषय बदलला.

पण "तू इथे कशी?" असं कुणी विचारलं की माझ्याकडे उत्तर तयार असतं. टेबलाच्या कोपऱ्यात कापसाची दोन बोंडं ठेवलेली असतात, एक लांब धाग्याचं, एक आखूड. एप्रिल १८६१ मध्ये लिंकननं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. अमेरिकन कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्या थंडावल्या आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव आभाळाला भिडले. वऱ्हाड-खानदेशातला कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. प्रेमचंद रायचंदांसारख्यांनी त्यात अफाट पैसा केला (राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला), बॅकबेचा समुद्र बुजवायला निघालेल्या कंपनीचे शेअर वेड्यासारखे चढले. तिकडे लँकेशरचे कामगार मात्र आखूड धाग्याच्या 'सुरती' कापसाला इतके वैतागले होते की 'देवा, कापूस पाठव, पण सुरती नको' अशी प्रार्थना केल्याची गोष्ट सांगतात. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली यानं शरणागती पत्करली आणि जुलैपर्यंत मुंबईचा बाजार कोसळला. एवढं सांगून झालं की मी आखूड बोंड विचारणाऱ्याच्या हातावर ठेवते. पुन्हा 'तू इथे कशी' असं कुणी विचारत नाही.

गोळीबार सोडून आमच्या भागात जे काही 'घडतं' त्यात लोकांना सगळ्यात आवडतो तो सैन्यानं गावाकडे रसद मागण्याचा प्रसंग. लीचं सैन्य लढाईच्या आधीच गावात येऊन गेलं होतं. २६ जूनला त्या सैन्यातल्या जनरल अर्लीनं गावाला यादी दिली: ७,००० पौंड बेकन, १,२०० पौंड साखर, १,००० जोडी बूट, ५०० टोप्या, आणखी बरंच काही, ते नसेल तर १०,००० डॉलर रोख. आमच्याकडे यादी वाचतो तो सार्जंट एरवी लोकांचे टॅक्स भरून देतो, त्यामुळे प्रत्येक आकडा तो फार चवीनं उच्चारतो. मग त्याचे शिपाई आमच्या टेबलावरचा पाव उचलतात आणि बदल्यात कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या, नोटा टाकतात. आम्ही बायका भांडतो. ठरलेले संवाद नसतात. एकदा पहिल्या रांगेतलं एक पोरगं दोरी ओलांडून धावत आलं आणि पावाच्या टोपलीवर पालथं पडलं. सार्जंट हतबल. कॉन्फेडरेट सैन्याची एवढी पंचाईत उत्तरेचे सेनापती मीड साहेबांनीही केली नसेल.

लोक हसतात, मलाही हसू येतं. पण त्या प्रसंगात एक मोठी गाळलेली जागा होती. लीच्या सैन्यानं पेनसिल्व्हेनियातून पाव आणि बूटच नेले नाहीत, माणसंही नेली. मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या लोकांना पकडून दक्षिणेकडे गुलामीत धाडलं. म्हणून गेटिसबर्गमधली कृष्णवर्णीय कुटुंबं सैन्य यायच्या आधीच घरदार सोडून निघाली होती. सीमेटरी रिजवर एब्राहम ब्रायन या मुक्त कृष्णवर्णीयाचं शेत होतं. दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या हल्ल्याच्या वेळी ते ऐन रणात सापडलं. हे सगळं आमच्या हसऱ्या प्रसंगात कुठे होतं?

कुठेच नव्हतं. हे बोलून दाखवलं ते आमच्या गटातल्या एका निवृत्त पोस्टमननं. तो स्वतः कृष्णवर्णीय. गटातल्या कुणीतरी लगेच उत्साहानं सुचवलं की मग तू पळून जातानाचा प्रसंग कर. तो म्हणाला, "पळण्याचं नाटक मी करणार नाही. परत आल्यावर काय काम केलं ते दाखवीन."

आणि त्यानं एका टेबलावर बॅसिल बिग्सचं काम मांडायचं ठरवलं. बिग्स शेतकरी, जनावरांवर उपचारही करायचा. तोही गाव सोडून गेला होता. परत आला तर तो राहायचा त्या शेतावर कॉन्फेडरेटांचं इस्पितळ होऊन गेलेलं आणि सगळं लुटलेलं. शेतांत उथळ पुरलेल्या युनियन, म्हणजे उत्तरेच्या, सैनिकांना काढून नव्या राष्ट्रीय स्मशानभूमीत नेऊन पुरायचं कंत्राट त्याच वर्षी निघालं. एका प्रेतामागे १ डॉलर ५९ सेंट या दरानं ते गेलं, आणि उकरण्याचं प्रत्यक्ष काम बिग्स आणि त्याच्या कृष्णवर्णीय मजुरांनी केलं. सॅम्युअल वीव्हर देखरेखीला. तो लोखंडी आकड्यानं खिसे चाचपून पत्रं, वस्तू शोधायचा, म्हणजे नाव तरी कळावं. एकूण ३,३५४ देह. लिंकनचं याच स्मशानभूमीतलं ते प्रसिद्ध भाषण १९ नोव्हेंबरला झालं तेव्हा हे काम अर्धवटच होतं, ते पुरं झालं मार्च १८६४ मध्ये.

एलिझाबेथ थॉर्नलाही आम्ही याच टेबलावर घेतलं. ती एव्हरग्रीन स्मशानभूमीच्या रखवालदाराची बायको. नवरा सैन्यात, ही सहा महिन्यांची गरोदर, हाताशी म्हातारे वडील. उन्हाळ्याच्या त्या आठवड्यांत तिनं शंभरच्या आसपास माणसं पुरली.

संयोजक खूश नव्हते. कुटुंबं येतात, फावडी आणि देवदाराची शवपेटी बघून लोकांचा मूड जातो, वगैरे. म्हणजे शेतात पाचशे माणसं मरून पडण्याचा अभिनय करतात तो चालतो, त्यांना उचलणारी माणसं नकोत. यावरून रणभूमी सांभाळणाऱ्या सरकारी नॅशनल पार्क सर्व्हिसचा नियम आठवतो: १९६१ च्या, मनॅससच्या लढाईच्या शताब्दी रीइनॅक्टमेंटनंतर त्यांनी आपल्या रणभूमींवर असल्या खोट्या लढाया बंदच केल्या. छावणी लावा, नेम न धरता बंदूक वाजवून दाखवा, पण समोरासमोर लढाई आणि खोटे मृतदेह नाहीत. म्हणून तर आम्ही सगळे खाजगी शेतांवर असतो. मला तो नियम पटतो. हे मी सार्जंटला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी टेबल मिळालं, पण जागा दिली ती सगळ्यात टोकाला, पोर्टेबल टॉयलेटच्या रांगेशेजारी. पोस्टमन दोन मिनिटं काही बोलला नाही, मग त्यानं फावडं उभं केलं, पेटीवर तो दरपत्रकाचा कागद ठेवला आणि मी बाजूला लिंटची फळी मांडली. रांगेतल्या माणसाला दुसरं काही करायचं नसतं आणि जागा सोडून जाताही येत नाही. लोक उभ्या उभ्या वाचायचे, प्रश्न विचारायचे, नंबर आला तरी 'तुम्ही व्हा पुढे' म्हणत मागच्याला सोडायचे. या वर्षीच्या अर्जात आम्ही तीच जागा मागितली आहे, सावलीसाठी फक्त एक जास्तीचं कापड पाहिजे म्हणून खाली टीप टाकलीय.