छताला टांगायचे मोठ्ठे फुग्यांचे गोळे

पार्टीचं डेकोरेशन म्हटलं की सगळे भिंतीपासून सुरुवात करतात, मला विचाराल तर आधी वर बघा. भिंतीसमोर माणसं उभी राहिली की निम्मं डेकोरेशन झाकलं जातं, वर टांगलेलं मात्र शेवटचा पाहुणा जाईपर्यंत सगळ्यांना दिसत राहतं. आणि त्याला हेलियम लागत नाही! आपल्याला फुगे वर उडवायचे नाहीयेत, खाली लोंबकळवायचेत, मग साधी हवाच बरी. हेलियम भरलेला 11 इंची रबरी फुगा साधारण 12 ते 20 तासांत खाली येतो कारण तो वायू रबरातून हळूहळू झिरपून जातो, हवेचा फुगा घरात काही दिवस आरामात टिकतो, म्हणजे आदल्या रात्री निवांत बसून सगळं करून ठेवता येतं.

सगळ्यात सोपा मोठा प्रकार म्हणजे 12 फुग्यांचा गोळा. दोन फुग्यांच्या माना एकमेकींना बांधल्या की जोडी, दोन जोड्या एकमेकींवर आडव्या ठेवून मध्ये पिळल्या की चौकडी, आणि अशा तीन चौकड्या एकमेकींत घुसवून मध्यभागी घट्ट पिळल्या की गोळा आपोआप होतो, आत सांगाडा वगैरे काही नको. तयार गोळा एका फुग्याच्या साधारण पावणेतीन पट रुंद होतो, म्हणजे 10 इंच फुगवलेले फुगे घेतले तर दोन फुटांच्या वर जातो! 5 इंचीच्या छोट्या फुग्यांचा केला तर फूटभर. मोठे आणि छोटे गोळे वेगवेगळ्या उंचीवर टांगले की छत एकदम भरल्यासारखं वाटतं.

आता महत्त्वाचं, फुगे एकाच मापाचे पाहिजेत. अंदाजाने फुगवलेत की गोळा एका बाजूला वाकडा होणारच. पुठ्ठ्याला 10 इंचाचं गोल भोक पाडा आणि प्रत्येक फुगा त्यातून जेमतेम जाईल एवढाच ठेवा, जास्त झाला तर थोडी हवा सोडायची. 11-12 इंची फुगा पूर्ण ताणला तर मानेकडे निमुळता होतो, थोडी कमी हवा ठेवली की छान गोल राहतो आणि पिळताना फुटतही नाही. फुगवायला हातपंपच घ्या, तोंडाने फुगवला तर आतली हवा गरम असते, ती गार झाली की फुगा लहान होतो आणि माप बिघडतं. आणि हाताला तेल किंवा क्रीम नको, तेलाने रबर कमकुवत होतं.

बऱ्याच ठिकाणी सांगतात की जमिनीवर किंवा टेबलावर गोळा पूर्ण करा आणि मग टांगा. मला ते अजिबात पटत नाही, कारण हा गोळा लोक खालून बघणार आहेत, त्याचा खालचा भाग हाच त्याचा चेहरा आणि टेबलावर ठेवल्यावर नेमका तोच दिसत नाही. बारा फुगे पिळून झाले की लगेच एखाद्या दांडीला छातीच्या उंचीवर टांगा आणि पुढचं सगळं काम तिथेच करा, खाली बसून वर बघा, जिथे फट दिसेल, गाठ दिसेल तिथे 5 इंची फुगा ग्लू डॉटने (दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या छोट्या ठिपक्याने) चिकटवा. वरच्या बाजूच्या फटी सोडून दिल्या तरी चालतं, तिथे कोण बघणारे.

रंगांचंही तसंच. वर दिवा असेल तर पातळ फिके रंग उजेडात चमकतात, गडद निळा किंवा मरून मात्र खालून जवळजवळ काळा दिसतो, म्हणून गडद रंग भिंतीकडे टांगा. मी तर दोन-तीन छटांच्या पुढे जातच नाही.

टांगायला तंगूस म्हणजे पारदर्शक नायलॉनचा दोरा घ्या, लांबून दिसत नाही. एका दोऱ्यावर टांगलं की गोळा सारखा फिरत राहतो आणि चांगली बाजू मागे जाते, दोन दोरे थोड्या अंतरावर बांधले की जागेवर राहतो. वजनाची काळजी नको, 11 इंची फुग्याचं रबर जेमतेम 3 ग्रॅमचं असतं, पण वारा आला की हेलकावे जोरात बसतात म्हणून हुक पक्का हवा. पंख्याला कधीच बांधू नका, पंख्याजवळही नको, गरम बल्बपासून लांब ठेवा. गोळ्याचा तळ जमिनीपासून किमान सात फुटांवर राहू द्या. बाहेर उन्हात टांगणार असाल तर हवा अजून कमी भरा कारण उन्हाने ती फुगते, शिवाय काही तासांत फुग्याची चकाकी जाऊन पृष्ठभाग धुरकट होतो, त्यामुळे बाहेरचं काम अगदी शेवटी.

उतरवताना टाचणीने फोडत बसू नका. मान चिमटीत ताणून धरायची आणि गाठीजवळ कात्रीने छोटा काप द्यायचा, हवा हळूहळू जाते, आवाज नाही, तुकडे उडत नाहीत. तरी एखादा फुटलाच तर तुकडे लगेच उचला, लहान मुलं ते तोंडात घालतात आणि रबर घशात अडकू शकतं, आठ वर्षांखालच्या मुलांना तर न फुगवलेले फुगेसुद्धा हातात देऊ नका.