तोंड कोरडं होतं

पोळ्याआधीचा आठवडा, साक्री तालुक्यातलं ग्रामीण रुग्णालय. या दिवसांत कपाशीवर फवारणी जोरात असते. बेशुद्ध माणूस, डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि मंद नाडी दिसली की हात आपसूक कीटकनाशकाच्या विषबाधेवरच्या अ‍ॅट्रोपिनकडे जातो. दुपारी आणलेला पस्तिशीचा शेतकरी तसाच होता: नाडी 44, श्वास मिनिटाला 10, ऑक्सिजन 89. सिस्टरांनी फवारणीच्या हिशेबाने सिरिंज भरूनही ठेवली.

पण तोंड पार कोरडं. लाळ नाही, घाम नाही, छातीत घरघर नाही, स्नायू फडफडत नाहीत, कपड्यांना वास नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेत माणूस सगळीकडून पाझरतो, हा कुठूनच पाझरत नव्हता. मधुमेह नसताना साखर 218. रक्तदाब 156/98.

भाऊ म्हणाला, "बैलनी मुंडी झटकी, सुई याले लागनी."

शिंगाच्या कॅन्सरसाठी बैलाचं शिंग काढायचं होतं, त्याआधी गुंगीचं झायलाझिन. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. बाटली मिलिलिटरला 20 मि.ग्रॅ.ची, सिरिंजमध्ये 2 मि.लि. म्हणजे 40 मि.ग्रॅ., आणि त्यातलं बहुतेक मांडीत गेलेलं. 400 किलोच्या बैलाला किलोमागे 0.1 मि.ग्रॅ.ने एवढंच लागतं, कारण गाय-बैल या औषधाला फार हळवे. घोड्याला दहापट तरी लागतं. आमचा पेशंट 55 किलोचा.

झायलाझिन हे क्लोनिडिन या रक्तदाबाच्या औषधाचं भावंड. 1962 साली जर्मनीत रक्तदाबासाठी म्हणून तयार झालं, पण माणसांना इतकी झोप आली आणि दाब इतका घसरला की ते जनावरांपुरतंच राहिलं. मेंदूतले अल्फा-2 रिसेप्टर चेतवून ते माणसाला जागं ठेवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा पुरवठा दाबतं, म्हणून गुंगी, मंद नाडी, मंद श्वास. स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं रोखतं, म्हणून साखर चढते. सुरुवातीला रक्तवाहिन्या आकसून दाब वाढतो. तो औषधाने उतरवायला जाऊ नये. अर्ध्या तासात तो आपोआपच कोसळतो. इथे 84/50 झाला.

कुशीवर वळवून ऑक्सिजन, श्वास द्यायची अँब्यू पिशवी हाताशी, सलाईन दोन बाटल्या. दाब उतरल्यावर नाडी 40 झाली तेव्हा अ‍ॅट्रोपिन 0.6 मि.ग्रॅ., पाच मिनिटांनी आणखी एकदा. नाडी 62 वर आली, शुद्ध मात्र तसूभरही नाही. येणारही नव्हती, अ‍ॅट्रोपिन गुंगीला हात लावत नाही. बाहुल्या पाहून नॅलोक्सोन 0.4 मि.ग्रॅ. दिलं. अफूवर्गीय काही सोबत असेल तरच त्याचा उपयोग, इथे काही फरक पडला नाही. इन्सुलिन दिलं नाही. साखर रात्री स्वतःहून 120 वर आली. अंग 35.2 अंशांवर गार पडलं होतं, ब्लँकेट घातलं.

जनावराला उठवायचं योहिंबिन मिळतं, ते द्या, असा आग्रह नातेवाइकांनी धरला. माणसात या कामासाठी ते मान्यताप्राप्त नाही, आणि आधार देऊन वेळ काढला तर बहुतेकदा पुरतं. श्वास 8 च्या खाली गेला असता तर नळी टाकून धुळ्याला पाठवायचं ठरलं होतं, 108 ला कळवूनही ठेवलं होतं. सहा तासांनी त्याने पाणी मागितलं. तरी 24 तास मॉनिटरवरच ठेवला, कारण गुंगी पुन्हा गडद होऊ शकते. नेहमीच्या लघवी-तपासणीत हे औषध दिसत नाही, तेव्हा बाटली सोबत आणणं हाच पुरावा. घोड्यांसाठी मिलिलिटरला 100 मि.ग्रॅ.चं द्रावणही असतं. तीच सिरिंज त्या द्रावणाने भरलेली असती तर 200 मि.ग्रॅ. गेले असते. म्हणून फोनवर 'किती मि.लि.?' विचारण्याआधी लेबल वाचायला लावतो.