कॅसिओचे पाय

मागच्या कोजागिरीला एका सोसायटीच्या गच्चीवर मी भर अंतऱ्यात चार बोटं खाली गेलो. गाणं काळी दोनच्या पट्टीत होतं, ते काळी दोनमध्येच राहिलं. मी, माझे दोन्ही हात आणि हातांखालचा कीबोर्ड मात्र 'खट्ट' आवाज करून खालच्या मजल्याच्या दिशेने निघालो. स्टँडच्या मधल्या दातेरी चकतीतली पिन झिजली होती, ती एक दात सोडून पुढच्यात जाऊन बसली. पुढच्यात बसली हे नशीब. तबल्यावरच्या अण्णांनी ठेका न सोडता माझ्याकडे पाहिलं आणि सम येताच डोळ्यांनी विचारलं, "अजून किती?" श्रोत्यांना बहुधा वाटलं असेल, कीबोर्डवाल्याला सूर गवसला म्हणून तो वाकला. एका काकूंनी नंतर मसाला दुधाचा पेला हातात देताना म्हटलंही, "अगदी तल्लीन होऊन वाजवता हो तुम्ही."

तर स्टँड बदलायचं ठरलं.

डोंबिवलीतल्या एका हौशी भावगीतांच्या ग्रूपमध्ये मी गेली बावीस वर्षं वाजवतोय. पोटासाठी बँक आहे. एवढ्या वर्षांत लोकांनी मला कीबोर्ड कुठला, कितीला पडला, यात सनई वाजते का, हे असंख्य वेळा विचारलं. तो कशावर ठेवता, असं एकानेही विचारलं नाही. खरं तर मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पहिला स्टँड दुकानदाराने कीबोर्डबरोबर "हा घ्याच, लागतो" म्हणून गळ्यात मारला होता आणि मी तो पिशवीच्या, अडॅप्टरच्या रांगेतला एक समजून घरी आणला होता.

आपल्याकडे खरं म्हणजे टेकवण्याच्या वस्तूंची एवढी गरिबी नाही. शंखाला अडणी असते. हंड्या-कळश्यांना घडवंची असते. डोक्यावरच्या घागरीला चुंबळ, आणि तीच चुंबळ तबल्या-डग्ग्याखाली. देवाला चौरंग, जेवणाऱ्याला पाट, बाकी कशालाही तिवई. ज्याची बैठक जशी, तसं त्याचं नाव. कीबोर्डाला मात्र नुसता 'स्टँड'. सायकललाही स्टँड, एसटीलाही स्टँडच.

याचं कारण मला वाटतं असं, की पेटीला पाय लागतात ही गोष्ट आपण मधल्या काळात विसरूनच गेलो होतो. युरोपातून आलेली पेटी पायांवर उभी होती. वाजवणारा खुर्चीवर बसे, पायांनी भाता मारी, दोन्ही हात पट्ट्यांवर. आपल्या संगीत नाटकांना साथ करणारा ऑर्गन त्याच घराण्यातला, आणि कोकणात दशावताराच्या साथीला पायपेटी असते ती त्याचीच बहीण. तिला वेगळा स्टँड कशाला? ती स्वतःच टेबल होती. पुढे १८७५ च्या सुमाराला कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी घडवली, भाता पाठीमागे नेला, आणि पेटी पाय सोडून सतरंजीवर आली. आपल्याला मांडी घालून बसायचं असतं, त्यामुळे ती तिथे अशी काही रुजली की जणू तिथलीच. मग १९८० मध्ये जपानहून कॅसिओ कंपनीचा विजेवरचा कीबोर्ड, कॅसिओटोन, निघाला. आमच्या लहानपणी कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, त्याला 'कॅसिओ'च म्हणत. त्याला भाता नव्हता, म्हणजे एक हात आणि दोन पाय मोकळे झाले, पण तो स्वतः मात्र लंगडाच जन्माला आला होता. कोलकात्याने काढून टाकलेले पाय आम्ही आता दुकानादुकानांत शोधतोय.

माझा जुना स्टँड इंग्रजी एक्ससारखा, फुलीचा. ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या हॉलमध्ये, मंडपात, बहुतेक ठिकाणी हाच दिसतो. दोन पाइप मधोमध एका बोल्टवर एकमेकांना छेदतात, वर दोन आडव्या दांड्या कीबोर्डासाठी, खाली दोन आडव्या दांड्या जमिनीसाठी, टोकांना रबरी बूट. इस्त्रीच्या टेबलाची आणि त्याची जात एकच. बाहेर काढला, चकतीची पिन ओढली, फाकवला, झालं. घडी केल्यावर पलंगामागे मावतो. एवढे गुण असले की माणूस बाकीचं चालवून घेतो.

बाकीचं म्हणजे काय, ते उभं राहून वाजवायला लागल्यावर कळतं. फुलीच्या स्टँडची उंची आणि रुंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात. उंच करा, पाय जवळ येतात. बुटका करा, पाय फाकतात. कोपर काटकोनात यायला माझ्या पट्ट्या जमिनीपासून जवळजवळ एक मीटरवर हव्यात. तेवढा उंच केला की वरच्या दोन दांड्या इतक्या जवळ येतात की ६१ पट्ट्यांचा कीबोर्डही दोन्हीकडे पंखासारखा बाहेर उरतो. वरच्या सप्तकात बासरीची एखादी हरकत जोरात घेतली की डावीकडचं टोक उचलून बघतं. बसून वाजवावं म्हटलं, तर पट्ट्या ७२-७३ सेंटिमीटरवर हव्यात, पियानोच्याही साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. तेवढ्या खाली आणला की स्टँडचे पाय फाकून नेमके माझ्या गुडघ्यांच्या जागी येतात. मग मी तिरका बसतो, घोड्यावर बायका एका बाजूला बसत तसा. त्यात हॉलची खुर्ची हातांची असते. सस्टेनचं, म्हणजे सूर लांबवायचं, पेडल गुळगुळीत लादीवरून हळूहळू पुढे पळतं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत माझा उजवा पाय त्याला शोधत निवेदिकेच्या साडीपर्यंत पोहोचलेला असतो. (यावर उपाय सापडलाय. पेडलखाली रबरी पायपुसणं टाकायचं. घरून न्यायचं, आणि न विसरता परत आणायचं, नाहीतर घरी कार्यक्रम होतो.)

आणि डुलणं. एका बोल्टवर सगळा संसार, त्या बोल्टाच्या भोकात केसभर जागा राहिली की वर टोकाला ती बोटभर होते. स्टँड पडत नाही, पण प्रत्येक ठोक्याला मान हलवतो. वाजवताना आपण जोर देतो तो पट्टीत जायच्या ऐवजी थोडा त्या हलण्यात जातो, हाताला कसलं उत्तरच मिळत नाही. खिळखिळ्या पाटावर पोळी लाटून पाहिलेल्याला हे लगेच कळेल.

एकदा मी या सगळ्यावर जालीम इलाज केला होता. आमच्या गिटारवाल्याच्या ओळखीने एका फॅब्रिकेशनवाल्याकडून सव्वा इंची चौकोनी पाइपचा स्टँड बनवून घेतला. तो खिडक्यांच्या ग्रिल्स आणि गेटं करायचा. त्याने मापं घेतली, "साहेब, हत्ती उभा करा" म्हणाला, आणि खरोखर हत्ती उभा करण्याजोगी चीज दिली. तसूभर हलत नव्हता. जिन्यावरून उतरवायला मात्र दोन माणसं लागत. तीन कार्यक्रम त्याने केले, तेव्हापासून तो आमच्या तालमीच्या खोलीत आहे, तिथेच राहणार आहे, खोली विकली तर खोलीबरोबर जाईल.

तेव्हा या वेळी मी शहाण्यासारखा मुंबईला जाऊन दुकानं पालथी घातली. दुकानातल्या मुलाने आधी इंग्रजी झेडसारखा दाखवला. काय देखणा! गुडघ्यांना ऐसपैस जागा, उंची वेगळी, रुंदी वेगळी, एकीचा दुसरीला जाच नाही. मी त्यावर दोन्ही तळवे टेकवून कणीक मळल्यासारखं केलं, तो जागचा हलला नाही. मग उचलून पाहिला आणि परत ठेवला. घडी होते, पण उघडायला-मिटायला चार मुठी पिळा, आडव्या दांड्या काढा-लावा. ज्यांची व्हॅन असते आणि सामान लावायला मुलगा असतो, त्यांनी जरूर घ्यावा. मग एका खांबावरचा दाखवला, त्याचे पाय खांबाच्या पोटात मिटतात, छत्रीची आठवण होते. दिसायला सगळ्यात उमदा. पण माझ्या खिशाकडे पाहून तो आपोआप मिटला.

शेवटी पुन्हा फुलीच. मुलगा म्हणाला, "काका, हा दीडशे किलो घेतो." मी म्हटलं, "बाळा, मला त्यावर बसायचं नाहीये, वाजवायचंय." माझा कीबोर्ड जेमतेम साडेचार किलोचा, आणि वजन पेलणं वेगळं, न डुलणं वेगळं. दीडशे किलो पेलणारा झोपाळाही असतो. तो हसला आणि आतून दुहेरी पाइपचा घेऊन आला. प्रत्येक पायाला एकाऐवजी दोन पाइप शेजारी शेजारी, त्यामुळे मधला बोल्ट लांब, पकड रुंद. खालच्या दांड्या वेल्डिंगच्या, स्क्रूवर टांगलेल्या नाहीत. चकती जाड, पिन माझ्या करंगळीएवढी. आणि ज्या गोष्टीवर माझा जीव जडला ती म्हणजे त्याच्या चारपैकी एका बुटाला आटे होते. लादी उंचसखल असली की तो बूट फिरवायचा, पाय जमिनीला भेटतो. आजवर मी त्या जागी कार्यक्रमपत्रिकेची घडी घालत आलो. आमच्या ग्रूपच्या पत्रिका कुणी जपून ठेवल्या असतील तर त्या माझ्या स्टँडच्या पायानेच.

किती वजन, विचारलं. दुकानातल्या काट्यावर सहा किलोला थोडा कमी. म्हणजे वाद्यापेक्षा त्याची बैठक जड. हे ऐकून क्षणभर वाईट वाटलं, मग दशावताराची पायपेटी आठवली आणि तक्रार गिळली.

परतीला सीएसएमटीहून मालडब्यात चढलो. स्टँड लांब काळ्या पिशवीत. समोर भाजीच्या रिकाम्या पाट्यांवर बसलेल्या मावशींनी भायखळ्यापर्यंत पिशवीकडे पाहिलं, मग राहवेना. "खाट हाय का रं?" म्हटलं, पेटीचा स्टँड. "पेटीला खाट?" त्या म्हणाल्या, "मंग खाटच की." त्यावर मला काही बोलता आलं नाही. ठाण्याला गर्दी उतरली तेव्हा त्यांनीच पायाने तो बाजूला सारून मला टेकायला जागा करून दिली.

नवा स्टँड दिवाळीच्या पहाटे पहिल्यांदा उभा राहिला. सगळी डोंबिवली नटूनथटून फडके रोडला निघायच्या आधी, साडेचारला, एका मैदानातल्या मंडपात आम्ही वायरी सोडत होतो. लाइटवाला यायचा होता. अंधारात चकतीचे दात मोजत गेलो, खट्, खट्, खट्. पाचव्या दातावर मुलीने नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून दिला आहे, उभ्याची उंची. दुसऱ्यावर गुलाबी, ती बसण्याची. मोबाइलच्या उजेडात लाल ठिपका दिसला, पिन सोडली, कीबोर्ड ठेवला. फळ्यांचं स्टेज, तेव्हा एक पाय अधांतरी होताच. बूट अडीच आटे फिरवला. अण्णांनी तबल्याखालची चुंबळ ठीक करताना विचारलं, "आज तळमजल्यावर जाणार का?" मी कीबोर्डवर दोन्ही तळवे दाबून दाखवले. गाणाऱ्या ताई म्हणाल्या, "पहिलं काळी चार घेऊ," आणि मी पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण शोधू लागलो.

जुन्या स्टँडचं काय करायचं, हा प्रश्न आठवडाभर दाराआड उभा होता. भंगारवाला किलोच्या भावाने मागत होता, तो मला अपमान वाटला. मग ग्रिलवाल्याकडेच नेला. त्याने चकतीतून आरपार बोल्ट घातला, वर वेल्डिंगचा टाका मारला. आता तो उंच होत नाही, बुटका होत नाही, मिटत तर नाहीच. बाल्कनीत ठेवून वर एक फळी टाकली, फळीवर तुळस, कढीपत्ता आणि गवती चहाची कुंडी. पाणी घातलं की थोडा डुलतो, सवय आहे त्याला.

परवा आई आतून म्हणाली, "अरे, त्या घडवंचीवरची तुळस जरा उन्हाकडे सरकव."